गृहस्थाचे तप: छोट्या पल्ल्याची ट्रायथलॉन आणि फळाचा प्रश्न

ट्रायथलॉन म्हणजे पोहणे, सायकल चालवणे आणि धावणे हे तीन प्रकार याच क्रमाने, मध्ये घड्याळ न थांबवता पूर्ण करण्याची शर्यत. तिच्या छोट्या पल्ल्याला स्प्रिंट म्हणतात: ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे. ऑलिंपिकमधली वैयक्तिक शर्यत याच्या दुप्पट असते. आयर्नमन या नावाने गाजलेली लांब शर्यत ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे अशी असते. अव्वल खेळाडू स्प्रिंट तासाभरात संपवतात. नोकरी-धंदा सांभाळून सराव करणाऱ्या हौशी माणसाला साधारण सव्वा ते दोन तास लागतात. त्याला बक्षिसाची आशा नसते, नोंदणीचे पैसे तोच भरतो, आणि निकालाच्या यादीत त्याचे नाव बरेच खाली येणार हेही त्याला ठाऊक असते. तरी तो पूर्ण ताकदीने शर्यत करतो. यातून दोन जुने प्रश्न नव्याने उभे राहतात. ज्या कर्माचे फळ व्यवहारात काहीच उपयोगाचे नाही, ते मन लावून का करायचे? आणि शरीराला आपखुशीने दिलेला ताण तप कधी ठरतो, हट्ट कधी?

आधुनिक ट्रायथलॉनचा उगमही हौशी लोकांतच आहे. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो शहरात मिशन बे येथे तिथल्या धावपटूंच्या एका क्लबने ४६ जणांची पहिली शर्यत घेतली. त्यांतले बहुतेक हौशी धावपटू होते. आयर्नमन चार वर्षांनी, १९७८ मध्ये हवाईतील ओआहू बेटावर सुरू झाली. त्या पहिल्या खेपेला १५ जण उतरले आणि १२ जण शेवटपर्यंत पोचले. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये या खेळाचा समावेश झाला. म्हणजे छोटा पल्ला आधीचा, लांब पल्ला नंतरचा. लोकांच्या मनात मात्र क्रम उलटा बसला आहे. छोटी शर्यत ही मोठीची पायरी, आणि मोठी केली नाही तोवर काहीच केले नाही, असे बोलले जाते. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे.

भारतात हा खेळ राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांपर्यंत पोचला आहे. २०२५ च्या उत्तराखंडमधील स्पर्धांत महिलांच्या वैयक्तिक ट्रायथलॉनमध्ये महाराष्ट्राच्या डॉली पाटील यांनी सुवर्ण आणि मानसी मोहिते यांनी रौप्य मिळवले. कांस्यपदक मध्य प्रदेशच्या आध्या सिंह यांना मिळाले. हौशी लोकांसाठी कोल्हापुरात राजाराम तलावाच्या परिसरात शर्यती होतात, आणि गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ पासून आयर्नमनच्या निम्म्या अंतराची शर्यत होत आली आहे. या शर्यतींना येणाऱ्यांत डॉक्टर, शिक्षक, बँकेतले कर्मचारी, पोलीस, अभियंते, चाळिशी ओलांडलेल्या गृहिणी असे सगळे दिसतात. त्यांच्यापैकी फार थोडे लहानपणापासून खेळाडू असतात.

भोपाळच्या पूर्वेकडील अयोध्या नगर ही वसाहत अशा हौशी माणसाच्या परिस्थितीचा चांगला नमुना आहे. गोविंदपुरा आणि पिपलानी हा भेल या वीजयंत्रांच्या सरकारी कारखान्याचा टापू जवळच आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या त्या कारखान्यामुळे देशभरातली कुटुंबे या बाजूला येऊन राहिली, त्यांत मराठीही होती. इथे राहून ट्रायथलॉनचा सराव करणे म्हणजे तिन्ही प्रकारांसाठी तीन दिशा धरणे. धावणे वसाहतीतल्या रस्त्यांवर होऊ शकते. सायकलसाठी अयोध्या बायपास आहे, पण जड वाहनांची वर्दळ वाढायच्या आत, उजाडता उजाडता परत फिरावे लागते. पोहण्याचे कोडे सगळ्यांत अवघड. भोपाळला तलावांचे शहर म्हणतात. अकराव्या शतकात राजा भोजाने बांधलेला बडा तालाब २००२ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. पण तो शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे, पिण्याच्या पाण्याचा स्रोत आहे, आणि कोणीही सकाळी उठून त्यात सूर मारावा अशी ती जागा नव्हे. सराव टाकीत होतो, आणि उघड्यावरच्या टाक्या थंडीत बहुधा बंद असतात. उन्हाळ्यात टाकी मिळते तेव्हा पारा चाळिशीपार गेलेला असतो आणि सायकल-धावणे पहाटेच उरकावे लागते. त्यातच ऑफिस, मुलांची शाळा, घरातले आजारपण, लग्नकार्ये.

संन्यासी तपासाठी घर सोडतो. हौशी खेळाडू घर धरून ठेवून त्याच्या फटीत सराव बसवतो. त्याच्या साधनेचा विचार गृहस्थाश्रमाच्या चौकटीतच करावा लागतो, आणि त्या चौकटीत पाहिले की छोट्या पल्ल्याचे महत्त्व वेगळेच दिसू लागते.

आता तपाचा प्रश्न. हौशी खेळाडू स्वतःच्या सरावाला सहज तपश्चर्या म्हणतात. गीतेच्या सतराव्या अध्यायात तपाचे जे विवेचन आहे त्याच्याशी हा शब्दप्रयोग ताडून पाहायला हवा. तिथे शरीराचे तप म्हणून जे सांगितले आहे त्यात व्यायाम नाही. देव, गुरू आणि ज्ञानी यांचे पूजन, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य आणि अहिंसा अशी ती यादी आहे. त्यामुळे पहाटे चारला उठून वीस किलोमीटर सायकल मारली म्हणून कोणी आपोआप तपस्वी होत नाही. उलट त्याच अध्यायाच्या सुरुवातीला, दंभ आणि अहंकाराने पछाडून शरीराचे आणि त्यात वसणाऱ्या अंतर्यामीचे हाल करणाऱ्यांना आसुरी निश्चयाचे म्हटले आहे. अतिश्रमाचे कौतुक करणाऱ्या आजच्या क्रीडासंस्कृतीने ही ताकीद गंभीरपणे घ्यावी अशी आहे.

पण गीता तिथे थांबत नाही. ती तपाची सात्त्विक, राजस आणि तामस अशी वर्गवारी करते, आणि तिचा आधार काय केले हा नसून कसे केले हा आहे. फळाची आस न धरता श्रद्धेने केलेले ते सात्त्विक. मान, सत्कार आणि दिखावा यांसाठी केलेले ते राजस, आणि ते टिकत नाही असेही तिथेच सांगितले आहे. मूढ हट्टाने, स्वतःला पीडा देऊन किंवा दुसऱ्याचे नुकसान करण्यासाठी केलेले ते तामस. ही कसोटी ट्रायथलॉनच्या सरावाला जशीच्या तशी लागू पडते. धावण्याचा प्रत्येक किलोमीटर मोबाइलवर जगाला दाखवल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही त्याचा सराव राजस आहे, आणि अशा माणसाचा उत्साह दाद देणारे कमी झाले की ओसरतो, हे कुठल्याही सायकल क्लबात दिसते. गुडघा सुजलेला असताना, ताप अंगात असताना, केवळ ठरवले म्हणून पळणारा तामस तप करतो. आसपासचे लोक त्याला जिद्द म्हणतात, एवढाच फरक.

शरीर हेच धर्माचे पहिले साधन, या अर्थाचे कालिदासाचे वचन अनेक व्यायामशाळांच्या भिंतींवर रंगवलेले असते. ते कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात कोणत्या प्रसंगी येते हे लक्षात घेण्यासारखे आहे. पार्वती शंकराच्या प्राप्तीसाठी घोर तप करीत असते. बटूच्या वेशात आलेला शंकर तिची विचारपूस करतो: समिधा आणि दर्भ मिळतात ना, स्नानाला पाणी आहे ना, आणि आपल्या शक्तीच्या बेताने तप करतेस ना? त्या शेवटच्या प्रश्नाला जोडून ते वचन येते. ते अतिरेकाकडे झुकलेल्या तपस्विनीला दिलेले मर्यादेचे स्मरण आहे. ज्या देवासाठी ती देह झिजवते आहे, तोच तिला देहाची काळजी विचारतो. शरीर कमावण्याच्या उपदेशापेक्षा हा अर्थ फार खोल आहे.

बौद्ध परंपरेतही असाच प्रसंग आहे. सोण नावाचा श्रीमंत घरातला तरुण भिक्षू होतो आणि चंक्रमणाचा, म्हणजे चालत ध्यान करण्याचा सराव इतक्या कठोरपणे करतो की त्याचे पाय फुटून रक्त येते. एवढे करूनही चित्त मुक्त होत नाही म्हणून तो घरी परतण्याचा विचार करू लागतो. बुद्ध त्याला त्याच्या पूर्वायुष्यातल्या वीणेची आठवण देतात: तारा फार ताणल्या तर सूर लागतो का, फार सैल ठेवल्या तर? सोण दोन्हींना नाही म्हणतो, आणि वीर्य, म्हणजे प्रयत्न, कसा राखायचा हे त्याला समजते. बुद्ध त्याला प्रयत्न सोडायला सांगत नाहीत. प्रयत्नाची मात्रा बेताची ठेवायला सांगतात.

या दृष्टीने छोट्या पल्ल्याचा विचार केला तर असे दिसते की स्प्रिंट ही अपुरी आयर्नमन नव्हे. तिची स्वतःची वृत्ती वेगळी आहे. लांब शर्यतीत दुःख सोसण्यालाच प्रतिष्ठा मिळते. किती तास, किती उलट्या, किती नखे गळाली, याच्या कथा होतात. स्प्रिंटमध्ये अशी कथा तयार होत नाही. दीड तासात सगळे संपते, दुपारी माणूस घरच्यांबरोबर जेवायला बसतो आणि सोमवारी कामावर जातो. सोसण्याचे मोठेपण काढून घेतल्यावर जे उरते तेवढेच त्याच्या हाती राहते: नीट केलेला सराव आणि नीट केलेली शर्यत. आहार, विहार, कर्म, झोप आणि जागरण यांत प्रमाण राखणाऱ्याचाच योग दुःख हरण करतो, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. त्या प्रमाणाशी छोटा पल्ला जुळतो. रोमन तत्त्वज्ञ सेनेका यानेही आपल्या मित्राला लिहिलेल्या पंधराव्या पत्रात थोड्या वेळात शरीराला पुरेसे दमवणारे सोपे व्यायाम सुचवले आहेत, त्यांत धावणे आहे. उरलेला वेळ मनाच्या कामासाठी राखावा असे त्याचे मत होते.

प्रत्यक्ष शर्यतीत हौशी खेळाडूची पहिली गाठ भीतीशी पडते. टाकीत तळ दिसतो, भिंत हाताशी असते. तलावात पाणी गढूळ असते, पायाखाली काही लागत नाही आणि शंभरएक माणसे एकाच बोयाकडे झेपावतात. कोणाचा कोपर गॉगलवर बसतो, कोणाचा पाय छातीत लागतो. पहिल्या दोनशे मीटरमध्ये श्वास अडतो, छाती आवळल्यासारखी होते, आणि सरावात सहज जमणारा हात पाण्यात जड होतो. दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला शिकवणारा, मूळचा गुलाम असलेला स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याच्या वचनसंग्रहात सार्वजनिक स्नानगृहाचा दाखला आहे. तिथे जाण्याआधी काय काय होईल ते डोळ्यांपुढे आणावे: पाणी उडेल, धक्काबुक्की होईल, कोणी शिवीही देईल. आणि स्नानाइतकाच स्वतःची वृत्ती शाबूत ठेवण्याचाही संकल्प करून निघावे. ट्रायथलॉनचे प्रशिक्षक नवख्यांना पोहण्याआधी जे सांगतात ते जवळजवळ हेच असते. गर्दी होणार, लाथ बसणार, तेव्हा कडेने सुरुवात करावी, श्वास लांब सोडावा, हात मोजावेत.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेतील ट्रायथलॉन स्पर्धांच्या १९८५ ते २०१६ या काळाचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यू आणि हृदयक्रिया बंद पडण्याच्या १३५ घटना नोंदलेल्या होत्या, आणि त्यांतल्या ९० पोहताना घडल्या होत्या. प्रमाण दर लाख सहभागींमागे १.७४ इतके होते. आकडा लहान आहे, पण हौशी माणसाच्या अंगावर घरदाराची जबाबदारी असते आणि त्याला तो दृष्टिआड करता येत नाही. हृदयाची तपासणी न करता, उघड्या पाण्याचा सराव न करता उतरणे हे धैर्य नव्हे, आणि कोणत्याही धर्मविचारात त्याचे समर्थन सापडणार नाही. शरीराच्या तपात गीतेने अहिंसा घातली आहे. त्या अहिंसेतून स्वतःचा देह वगळण्याचे काही कारण नाही.

नियमांनी इथे एक शहाणपणाची सोय ठेवली आहे. दमलेला पोहणारा बोयाला किंवा उभ्या असलेल्या होडीला धरून विसावा घेऊ शकतो. त्यांच्या आधाराने पुढे मात्र सरकायचे नाही. थांबणे हा दोष धरलेला नाही. पुष्कळ नवशिके लाजेखातर होडीला हात लावत नाहीत. स्वतःची शक्ती ओळखून थांबण्याची ही संधी घेण्यात कसलाही कमीपणा नाही, आणि घेतली की उरलेले अंतर शांतपणे कापले जाते.

पाण्यातून बाहेर आल्यावर खेळाडू सायकलींच्या रॅककडे धावतो. या बदलाच्या टप्प्याला ट्रान्झिशन म्हणतात. हेल्मेट घालून पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आखलेल्या रेषेच्या पलीकडे गेल्यावरच सायकलवर बसायचे, आणि परत येताना रेषेच्या आधी उतरायचे. घाईत असलेल्या मनाला हे नियम काचतात. पाय ओले, हात थरथरत असलेले, शेजारचा निघूनही गेलेला. अशा वेळी पट्टा नीट लावणे हे मनाच्या संयमाचे फार छोटे आणि फार खरे काम आहे. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेली आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेली गीता-प्रवचने कर्माला विकर्माची, म्हणजे आतल्या मनाच्या सहकार्याची, जोड मिळाली पाहिजे असे सांगतात. ती जोड मिळाली की कर्माचा भार वाटेनासा होतो. ट्रान्झिशनमध्ये हे तात्काळ कळते. मन पुढच्या टप्प्यावर गेलेले असेल तर बूट सापडत नाही. मन हाताबरोबर असेल तर सगळे मिनिटाभरात उरकते.

सायकलचा टप्पा सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत एकाकी. हौशी गटांत पुढच्या सायकलच्या मागे चिकटून वाऱ्याचा आडोसा घ्यायला बहुतेक ठिकाणी मनाई असते, त्यामुळे वाऱ्याशी प्रत्येकाने स्वतःच झुंजायचे. फेऱ्यांची शर्यत असेल तर फेऱ्या मोजण्याची जबाबदारीही खेळाडूचीच. शेवटी धावणे. सायकलवरून उतरल्यावर पहिले काही शे मीटर पाय परक्याचे असल्यासारखे पडतात, कारण गोल फिरण्याची सवय झालेल्या स्नायूंना वेगळ्या तऱ्हेने आकुंचन पावावे लागते. सरावात सायकल आणि धावणे जोडून करणे हाच यावर उपाय. खेळाडू त्याला ब्रिक म्हणतात. या पाच किलोमीटरांत दुखते, पण ते दुखणे बहुतेकांना सोसवते, आणि त्यावर फार लिहिण्याची गरज नाही.

फळ कोणाच्या हाती, याचे उत्तर शर्यतीत फार स्पष्ट दिसते. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, वेगवेगळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. ट्रायथलॉनमध्ये ही पाचही बोटावर मोजून दाखवता येतात. शरीर हे अधिष्ठान, खेळाडू कर्ता, सायकल आणि गॉगल ही साधने, महिनोन्‌महिन्यांचा सराव ही चेष्टा. आणि दैव? काचेच्या तुकड्याने टायर जाते, उलट वारा सुटतो, आदल्या रात्रीच्या पावसाने पाणी दूषित होते. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पावसामुळे सीन नदीचे पाणी पोहण्याजोगे राहिले नाही, म्हणून ३० जुलैची पुरुषांची शर्यत ३१ तारखेवर ढकलावी लागली. वर्षानुवर्षे तयारी केलेल्या जगातल्या अव्वल खेळाडूंनाही वाट पाहत बसावे लागले. हौशी स्पर्धांत असे झाले की पोहणे रद्द करून धावणे-सायकल-धावणे अशी शर्यत घेतात. पोहण्यासाठीच उन्हाळाभर खपलेल्याचे त्या दिवशी काहीच चालत नाही. एकट्या कर्त्यालाच कारण मानणाऱ्याला नीट दिसत नाही, असे त्याच अध्यायात पुढे म्हटले आहे.

मग फळाची इच्छा सोडायची म्हणजे वेळेकडे लक्षच द्यायचे नाही का? घड्याळ न पाहता, पुढच्याला गाठण्याचा प्रयत्न न करता शर्यत केली तर ती शर्यतच राहत नाही. इथे निष्काम कर्माबद्दलचा नेहमीचा गैरसमज उघडा पडतो. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात फलाशा सोडणे म्हणजे हेतू सोडणे नव्हे, असे विस्ताराने मांडले आहे. कर्मयोगी कामाचा हेतू ठरवतो, त्यासाठी योग्य साधने जमवतो, पूर्ण प्रयत्न करतो. फळ मिळालेच पाहिजे हा आग्रह तेवढा सोडतो. टिळकांनी स्वतः कॉलेजातले पहिले वर्ष मुख्यतः शरीर कमावण्यात घालवले होते हे सर्वश्रुत आहे. व्यायामाचे मोल त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते.

हेतू आणि फलाशा यांतला हा भेद संसारात शोधणे फार कठीण. नोकरी करणाऱ्याचा पगार, बढती, घराचे हप्ते हे सगळे फळात गुंतलेले असते आणि ते गुंतलेले असणे योग्यही आहे. त्यावर घर चालते. आग्रह कुठे संपतो आणि कर्तव्य कुठे सुरू होते हे तिथे वेगळे काढता येत नाही. हौशी शर्यतीत मात्र फळाचा संसाराला काडीचाही उपयोग नसतो. वयाच्या पाच-पाच वर्षांच्या गटांत बाविसावा क्रमांक येतो की सत्ताविसावा, याने घरातली एक वस्तू इकडची तिकडे होत नाही. तरीही शर्यत करताना बाविसाव्यासाठी जिवाचे रान करावे लागते. हेतू पूर्ण, उपयोग शून्य. अशा ठिकाणी क्रमांक हुकल्यावर जे दुखते ती निखळ फलाशा असते, आणि ती स्वतःच्याच मनात अशी वेगळी उभी असलेली माणसाला क्वचित पाहायला मिळते. हौशी खेळाचे धार्मिक मोल इथे आहे. शर्यत कोणाला निष्काम करीत नाही. सकामता कुठे बसली आहे ते ती दाखवते.

तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी १९७८ च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाचे जे स्वरूप सांगितले ते याला पूरक आहे. खेळणारा माणूस सोपे साधन उपलब्ध असताना जाणूनबुजून अवघड साधन पत्करतो, कारण त्या अवघडपणातूनच खेळ शक्य होतो. तलाव होडीने ओलांडता येतो, वीस किलोमीटर स्कूटरने पंचवीस-तीस मिनिटांत जातात. अंतिम रेषेपर्यंत पोचणे हे उद्दिष्ट नियमांच्या आतच अस्तित्वात असते. म्हणून एक फेरी चोरून लवकर पोचलेल्याला कमी वेळ मिळतो, पण शर्यत मिळत नाही. ती त्याने केलीच नाही. निर्जन वळणावर पाहणारे कोणी नसताना पूर्ण फेरी मारणे हा सत्याचा साधा आणि रोकडा अभ्यास आहे.

अॅरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’मध्ये केलेला एक भेदही उपयोगी पडतो. काही क्रिया शेवट गाठेपर्यंत अपुऱ्या असतात, जसे घर बांधणे. काही प्रत्येक क्षणी पूर्ण असतात, जसे पाहणे. शर्यत म्हणून पाहिले तर ट्रायथलॉन पहिल्या प्रकारात मोडते. पण चांगले पोहणे, चांगले धावणे प्रत्येक हातात आणि प्रत्येक पावलात पूर्ण असते. ज्याचे सगळे लक्ष अंतिम रेषेवर असते त्याच्या वाट्याला दीड तासांतला शेवटचा एकच क्षण येतो.

उरतो इतर स्पर्धकांचा प्रश्न. स्पर्धा म्हणजे दुसऱ्याला मागे टाकण्याची इच्छा, मग तिथे धर्म कसा टिकेल? सप्टेंबर २०१६ मध्ये मेक्सिकोतील कोझुमेल येथील शर्यतीत उन्हाने भोवंडून लडखडणाऱ्या जोनाथन ब्राउनली याला त्याचा भाऊ अॅलिस्टर याने खांद्याचा आधार देत शेवटपर्यंत आणले आणि स्वतःच्या आधी रेषेपलीकडे ढकलले. त्या प्रसंगाने जग हेलावले. पण पुढे नियम झाला की एकाने दुसऱ्याला पुढे सरकण्यासाठी शारीरिक मदत करायची नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये टोकियोतील ऑलिंपिकच्या चाचणी शर्यतीत ब्रिटनच्या जेस लर्मंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन हातात हात घालून पहिल्या आल्या आणि दोघीही बाद ठरल्या, कारण मुद्दाम बरोबरी करण्यास मनाई आहे. वरवर पाहता हा नियम प्रेमाच्या विरुद्ध वाटतो. विचार केला तर तसे नाही. प्रतिस्पर्ध्याने पूर्ण प्रयत्न करणे हीच त्याने दुसऱ्याला दिलेली भेट असते. तो हात राखून पळाला तर दुसऱ्याच्या श्रमाचा मान जातो. संकटात असलेल्यासाठी मात्र शर्यत सोडून थांबणे प्रत्येकाच्या हातात आहेच. अशा वेळी थांबणाऱ्याची वेळ जाईल, क्रमांक जाईल, आणि त्याने ते जाऊ द्यावे. भावाला आधार देताना अॅलिस्टरने स्वतःच्या क्रमांकावर पाणी सोडले होते, आणि नियम बदलला तरी त्या कृतीची थोरवी कमी होत नाही.

वारीशी तुलना केली जाते, ती एका मर्यादेपर्यंत ठीक आहे. आळंदीहून पंढरपूरला चालत जाणाऱ्यांत पहिला-दुसरा कोणी नसतो, आणि भेटणारा प्रत्येकजण नमस्काराला पात्र असतो. ट्रायथलॉन भक्ती नव्हे, तिला वारीचा मान देऊ नये. पण शेवटून येणाऱ्याची वाट पाहत उभे राहणारे, आपली शर्यत संपल्यावर परत मागे जाऊन अनोळखी माणसाला ओरडून धीर देणारे लोक प्रत्येक हौशी स्पर्धेत असतात. मत्सर जिथे उपजायला हवा तिथे मुदिता, दुसऱ्याच्या यशाचा आनंद, उपजते. पतंजलीने चित्त प्रसन्न राखण्याच्या उपायांत मैत्री आणि करुणेबरोबर तिचा उल्लेख केला आहे.

शेवटचा मुद्दा घराचा. सरावाचा प्रत्येक तास कोणाच्या तरी वाट्यातून येतो: जोडीदाराच्या, मुलांच्या, म्हाताऱ्या आईवडिलांच्या. आयर्नमनच्या तयारीला आठवड्याला दहा-पंधरा तास सहज लागतात आणि ते अनेक महिने द्यावे लागतात. शनिवार-रविवार त्यातच जातात, आणि घरातले दुसरे कोणीतरी तेवढे काम मुकाट्याने उचलते. ज्याची परिस्थिती तशी आहे आणि घरच्यांची मनापासून संमती आहे त्याने ते जरूर करावे. इतरांनी छोट्या पल्ल्याला कमी लेखू नये. पोहता येणाऱ्या निरोगी माणसाला आठवड्याला पाच-सहा तासांचा सराव तीन-चार महिने केला तर स्प्रिंट पूर्ण करता येते, आणि एवढा वेळ अयोध्या नगरातल्या नोकरदारालाही, सकाळचा चहा घरच्यांबरोबर घेऊन, काढता येतो.